दिवसा शाळा-कॉलेज, रात्री प्रोफेशनल : टोकियोचं १०० वर्षांचं बेसबॉल मैदान का पाडतायत?

जुलै महिन्यातली टोकियोची एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. उकाडा असा की आपल्याला मे महिन्यातली मुंबई आठवावी. शहराच्या ऐन मध्यात, झाडांच्या गर्दीत एक जुनं उघडं स्टेडियम आहे. स्टँडमध्ये शाळेच्या गणवेशातली पोरं-पोरी, बँडपथक, घसा बसेपर्यंत चाललेला आरडाओरडा. मैदानावर दोन शाळांच्या टीम. मॅच संपते, हरलेल्या टीममधली शेवटच्या वर्षाची मुलं कॅप तोंडावर धरून हमसून हमसून रडतात. त्यांच्यासाठी शाळेचं बेसबॉल इथंच संपलं.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्याच मैदानावर प्रोफेशनल टीम उतरते. पाठीवर बिअरचा पिंप बांधलेल्या मुली स्टँडच्या पायऱ्या चढ-उतर करतायत, आणि होम टीमचा रन निघाला की हजारो लोक पाऊस नसताना रंगीत छत्र्या उघडून नाचतायत.

या मैदानाचं नाव मेइजी जिंगू स्टेडियम. ऑक्टोबर १९२६ मध्ये ते सुरू झालं, म्हणजे या वर्षी त्याला १०० वर्षं पूर्ण होतायत. आणि शंभरी भरत असतानाच ते पाडायचा प्लॅन मंजूर झालेला आहे.

तुमच्या टाइमलाइनवर कदाचित ‘टोकियोतली झाडं वाचवा’ अशा पोस्ट येऊन गेल्या असतील. त्या याच भानगडीतल्या. पण झाडांच्या गदारोळात बेसबॉलचा मुद्दा मागे पडला, आणि तो समजून घ्यायचा तर आधी या शहरात बेसबॉलची शिडी कशी आहे ते बघायला लागेल.

बेसबॉल जपानमध्ये आलं तेच मुळी शाळेतून

क्रिकेट आपल्याकडे आलं ते गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यांतून. जपानमध्ये बेसबॉल आलं वर्गातून. १८७२ मध्ये होरेस विल्सन नावाचा एक अमेरिकन मास्तर टोकियोत शिकवत होता. त्यानं पोरांच्या हातात बॅट दिली, हीच जपानी बेसबॉलची सुरुवात मानली जाते. त्याची संस्था पुढे टोकियो विद्यापीठात सामावली गेली. १८९६ मध्ये टोकियोच्याच एका शाळेच्या टीमनं योकोहामात राहणाऱ्या परदेशी लोकांच्या टीमला २९-४ असं धुतलं. आमिर खानच्या ‘लगान’ला शेवटच्या बॉलपर्यंत थांबावं लागलं होतं, इथं तेवढीही उत्सुकता उरली नाही.

तर मुद्दा असा की जपानमध्ये आधी शाळा-कॉलेजचं बेसबॉल मोठं झालं आणि प्रोफेशनल लीग १९३६ मध्ये, म्हणजे फार उशिरा आली. त्यामुळे तिथं शाळेची मॅच म्हणजे मोठ्या मॅचची रंगीत तालीम नसते. कित्येकांच्या लेखी तीच खरी मॅच.

टोकियोला दोन तिकिटं का?

जपानच्या शाळकरी बेसबॉलची पंढरी म्हणजे कोशिएन. हे स्टेडियम ओसाकाजवळ, टोकियोपासून साधारण ५०० किलोमीटरवर आहे. दर ऑगस्टमध्ये तिथं देशभरातल्या हायस्कूलची स्पर्धा होते. तिची सुरुवात १९१५ ची. प्रत्येक प्रांतातून एक टीम, अपवाद फक्त दोन : आकारानं अवाढव्य असलेलं होक्काइदो आणि शाळांची गर्दी असलेलं टोकियो. या दोघांना दोन-दोन जागा मिळतात. अशा एकूण ४९ टीम.

टोकियोचे त्यासाठी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केलेत. दोन्हीकडे मिळून सुमारे अडीचशे टीम उतरतात आणि सगळ्या मॅच नॉकआउट. एक हरलात की विषय संपला. सुरुवातीच्या फेऱ्या शहरभर विखुरलेल्या छोट्या मैदानांवर होतात. त्यातलं एक निशी-कासाईत आहे. टोकियोतल्या भारतीयांचं हे हक्काचं ठिकाण, मराठी कुटुंबंही इथं बऱ्यापैकी आहेत. याच एदोगावा भागातून अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये स्थानिक परिषदेवर निवडून गेले होते. पण पुढच्या फेऱ्या आणि दोन्ही फायनल होतात त्या जिंगूवर. म्हणून टोकियोतल्या पोरांचं पहिलं स्वप्न जिंगू असतं, कोशिएन त्याच्यानंतरचं.

गेली दोन वर्षं टोकियोच्या शाळा कोशिएनच्या फायनलला जाऊन हरल्यात. २०२४ मध्ये कांतो दाइइची ही शाळा क्योतो इंटरनॅशनलकडून २-१ अशी हरली, तीही दहाव्या इनिंगमध्ये. २०२५ मध्ये निहोन विद्यापीठाची तिसरी हायस्कूल ओकिनावाच्या टीमकडून ३-१ अशी हरली.

९४८ बॉल टाकणारा पोरगा

ही शिडी खरोखर कशी चालते ते समजायला एका पोराची गोष्ट पुरेशी आहे.

२००६ ची कोशिएन फायनल. टोकियोची वासेदा जित्सुग्यो विरुद्ध होक्काइदोची कोमादाई तोमाकोमाई. टोकियोचा पिचर होता युकी साइतो. दोन बॉलच्या मध्ये खिशातून निळा रुमाल काढायचा, नीट चेहरा टिपायचा आणि परत घडी करून ठेवायचा. सगळा देश त्याच्या प्रेमात पडला, त्याला ‘हँकरचीफ प्रिन्स’ नावच पडलं. फायनल १५ इनिंगनंतर १-१ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या दिवशी परत मॅच. परत साइतोच पिचर. वासेदानं ती ४-३ अशी जिंकली आणि शेवटचा बॅटर, ज्याला साइतोनं स्ट्राइकआउट केलं, तो समोरच्या टीमचा पिचर मासाहिरो तानाका होता. एवढं फिल्मी सिनेमातही चालत नाही.

या एका स्पर्धेत साइतोनं ९४८ बॉल टाकले.

पुढे तानाका थेट प्रोफेशनल झाला. साइतो वासेदा विद्यापीठात गेला, चार वर्षं जिंगूवर कॉलेज लीग खेळला, ३१ मॅच जिंकला, स्टँड भरवले. मग प्रोफेशनल झाला आणि खांद्याच्या दुखापतीनं त्याचं करिअर खाल्लं. २०२१ मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर १५ विजय होते. तानाकानं जपान आणि अमेरिका मिळून २०० वा विजय सप्टेंबर २०२५ मध्ये मिळवला. कुठे? टोकियो डोममध्ये, जायंट्सच्या जर्सीत.

साइतोच्या दुखापतीचं खापर सरळ त्या ९४८ बॉलवर फोडता येणार नाही, कारण मधे बरीच वर्षं गेली. पण असे आकडे बघून ‘आपण पोरांचं काय करतोय’ हा प्रश्न जपानमध्ये वर्षानुवर्षं विचारला गेला. २०२० पासून नियम आला : एका पिचरनं आठवड्यात जास्तीत जास्त ५०० बॉल. आता उन्हामुळे काही मॅच सकाळ आणि संध्याकाळ अशा विभागून घेतल्या जातात. ९ ऐवजी ७ इनिंग करायच्या का यावरही वाद चाललाय. मला विचाराल तर ५०० सुद्धा भरपूर आहेत.

आणि अजून एक गोष्ट. याच वासेदा जित्सुग्योमधून ४९ वर्षं आधी एक पिचर कोशिएनची वसंत स्पर्धा जिंकून आला होता : सादाहारू ओह. पुढे जायंट्सकडून त्यानं ८६८ होम रन मारले. होम रन म्हणजे आपला सिक्सर समजा. हा आकडा आजवर कुठल्याही मोठ्या लीगमध्ये कुणाला गाठता आलेला नाही. ओहचा जन्म टोकियोतला, वाढला टोकियोत. पण वडील चिनी असल्यामुळे तो कागदोपत्री जपानी नव्हता. म्हणून ज्या १९५७ मध्ये त्यानं कोशिएन जिंकलं, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात मात्र त्याला खेळू दिलं नाही. 

कॉलेजवाले मालकासारखे, प्रोफेशनल भाडेकरू

शाळेच्या वरची पायरी कॉलेज. टोकियोतल्या सहा विद्यापीठांची लीग १९२५ मध्ये सुरू झाली : वासेदा, केइओ, मेइजी, होसेइ, रिक्क्यो आणि टोकियो विद्यापीठ. यातली वासेदा-केइओ मॅच तर लीगपेक्षाही जुनी, १९०३ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात बेसबॉल शत्रूचा खेळ ठरला, लीग बंद पाडली गेली, विद्यार्थ्यांना सैन्यात बोलावणं आलं. तेव्हा ऑक्टोबर १९४३ मध्ये या दोन विद्यापीठांनी निरोपाची म्हणून एक मॅच खेळून घेतली. त्यातले बरेच परत आले नाहीत.

लीगमधली सहावी टीम, टोकियो विद्यापीठ, हे जरा वेगळंच प्रकरण आहे. आपल्या आयआयटीला रणजी खेळायला लावल्यासारखं. देशातली सगळ्यात अवघड प्रवेश परीक्षा पास झालेली ही पोरं, समोर बाकी पाच ठिकाणी कोशिएन गाजवून आलेले खेळाडू. २०१० ते २०१५ या काळात टोकियो विद्यापीठ सलग ९४ मॅच हरलं. लीग त्यांनी एकदाही जिंकलेली नाही. तरी दर सीझनला ते येतात, आणि त्यांना काढा असं कुणी म्हणत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. जिंगू स्टेडियम उभं राहिलं तेच या हौशी बेसबॉलसाठी. १९३१ मध्ये ते मोठं केलं तेव्हा त्याच्या खर्चात या कॉलेज लीगनं पैसे घातले. प्रोफेशनल टीम इथं मुक्कामाला आली १९६४ मध्ये. तिचं आजचं नाव याकुल्ट स्वॅलोज. हो, तेच याकुल्ट, छोट्या बाटलीतलं, आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळणारं.

म्हणजे या मैदानावर कॉलेजवाले आधीचे आणि प्रोफेशनल नंतरचे. त्यामुळे आजही वीकेंडला दिवसा कॉलेजच्या मॅच चालू असतील तर करोडो कमावणारे प्रोफेशनल खेळाडू बाजूच्या सरावाच्या जागेत वॉर्मअप करतात आणि पोरांचं आटपायची वाट बघतात. वानखेडेवर मुंबई इंडियन्सला कुठल्या कॉलेजसाठी ताटकळत उभं केलंय, अशी कल्पना करून बघा.

जायंट्स, पेपरवाले आणि डोम

टोकियोत दुसरी प्रोफेशनल टीम आहे योमिउरी जायंट्स. खरं तर पहिली म्हणायला हवी, कारण पैसा, प्रेक्षक, विजेतेपदं सगळ्यातच ती पुढे आहे. १९३४ मध्ये योमिउरी या पेपरनं बेब रूथसह अमेरिकेचे स्टार जपानला खेळायला आणले. पेपरचा खप वाढवायला. त्यांच्याविरुद्ध उभी केलेली जपानी टीम म्हणजेच पुढची जायंट्स. रूथ तेव्हा जिंगूवरही खेळला होता. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं जायंट्स चॅम्पियन होती. कित्येक जपानी लोक तिच्यावर प्रेम करतात, उरलेले तितक्याच मनापासून तिचा राग करतात. आयपीएलमधली कुठली टीम आठवली ते कमेंटमध्ये सांगू नका, भांडणं होतील.

जायंट्स खेळते टोकियो डोममध्ये. हे १९८८ मध्ये सुरू झालेलं, वरून बंद असलेलं स्टेडियम. उन्हाळ्यात इथंच कंपन्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा होते, टोकियो गॅस, जेआर ईस्ट वगैरे. आपल्याकडे टाइम्स शील्डला एकेकाळी जे वजन होतं त्याची ही जपानी आवृत्ती. फरक एवढाच की इथं ऑफिसातले साहेब आणि कारकून एकत्र बसून बँडच्या तालावर ओरडतात. ही स्पर्धाही १९२७ मध्ये सुरू झाली होती ती जिंगूवरच.

मग पाडायचं कशाला?

जिंगू स्टेडियम ज्या बागेत आहे तिला जिंगू गाइएन म्हणतात, म्हणजे मेइजी देवस्थानाची बाहेरची बाग. सम्राट मेइजी १९१२ मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून आणि गावोगावच्या तरुणांच्या श्रमदानातून ती उभी राहिली. स्टेडियमची मालकीही देवस्थानाचीच. आतल्या बाजूला मूळ मंदिर आणि त्याचं जंगल आहे. त्याचा खर्च निघतो बाहेरच्या बागेतल्या धंद्यातून : स्टेडियम, गोल्फ, लग्नाचा हॉल. ही व्यवस्था लक्षात ठेवा, सगळ्याचं मूळ इथंच आहे. देवस्थानाचं म्हणणं, स्टेडियम जुनं झालंय, नवं बांधायला पैसे नाहीत आणि ते नाही बांधलं तर जंगल कशावर सांभाळणार?

पैसे कुठून आणायचे? मित्सुई फुदोसान हा मोठा बिल्डर, इतोचू ही कंपनी, रग्बीचं मैदान चालवणारी सरकारी क्रीडा संस्था आणि देवस्थान असे चौघे एकत्र आले. प्लॅन असा : शेजारचं रग्बी मैदान आणि बेसबॉल मैदान यांची जागा अदलाबदल करायची, दोन्ही नवी बांधायची, बेसबॉल स्टेडियमला लागून हॉटेल काढायचं आणि त्याच परिसरात १९० मीटरच्या आसपास उंचीचे टॉवर उभे करायचे. टॉवरमधून येणारा पैसा सगळ्यांना पुरेल. काम २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालेल.

मुंबईकरांना हे नवीन वाटणार नाही. पुनर्विकासाची भाषा जगभर एकच असते.

टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लॅनला मंजुरी दिली. मार्चमध्ये ऑस्कर विजेते संगीतकार र्युइची साकामोतो यांनी कॅन्सरशी झुंजत असताना त्यांना पत्र लिहून हे थांबवायची विनंती केली. त्याच महिन्याच्या शेवटी ते गेले. मग विषय पेटला. ऑनलाइन याचिकेवर दोन लाखांच्या वर सह्या झाल्या. युनेस्कोला वारशाबाबत सल्ला देणाऱ्या इकोमॉस संस्थेनं सप्टेंबर २०२३ मध्ये धोक्याचा इशारा दिला. लेखक हारुकी मुराकामी उघड विरोधात उतरले. त्यांचा संबंध तर जुनाच. १९७८ मध्ये याच स्टेडियमवर पडल्या पडल्या मॅच बघत असताना, स्वॅलोजच्या डेव्ह हिल्टननं पहिलाच जोरदार फटका मारला आणि ‘आपण कादंबरी लिहू शकतो’ असं त्यांना वाटून गेलं. ही आठवण ते स्वतः सांगतात.

विरोधाचा परिणाम झाला, पण थोडा. तोडायच्या मोठ्या झाडांचा आकडा ७४३ वरून ६१९ वर आला. बागेतली प्रसिद्ध गिंको झाडांची रांग आणि नवं स्टेडियम यांच्यातलं अंतर ८ मीटरवरून १८ मीटरच्या वर गेलं. जुलै २०२४ मध्ये कोइके तिसऱ्यांदा निवडून आल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी झाडं पडायला लागली.

दुरुस्ती होऊ शकत नाही का?

हा खरा प्रश्न आहे. कारण कोशिएन जिंगूपेक्षा दोन वर्षांनी जुनं आहे, १९२४ चं. २००७ पासून काही वर्षं त्याची टप्प्याटप्प्यानं दुरुस्ती झाली, सीझन संपला की काम, सीझन आला की मॅच. आज ते ठणठणीत उभं आहे. अमेरिकेतलं फेनवे पार्क १९१२ चं, रिग्ली फील्ड १९१४ चं. रूथ ज्यांच्यावर खेळला आणि जी आजही चालू आहेत अशी मैदानं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यातलं जिंगू एक.

बिल्डरच्या बाजूचं उत्तर असं की जिंगू वर्षभर वापरात असतं. शाळा, कॉलेज, प्रोफेशनल, एक झालं की दुसरं. दुरुस्तीला मोकळा वेळच मिळत नाही. शिवाय जागा अपुरी आहे, व्हीलचेअरवाल्यांची सोय धड नाही. अदलाबदल केली तर नवं स्टेडियम तयार होईपर्यंत जुन्यात मॅच चालू राहतील, खेळ एक दिवसही थांबणार नाही.

हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. सोयींचा मुद्दा खरा आहे, आणि खेळ थांबू नये याचा विचार केलाय हेही खरं. पण यात एक गंमत आहे. सगळ्यांना खेळायला मिळतं हे या मैदानाचं मोठेपण, आणि तेच त्याला पाडायचं कारण म्हणून सांगितलं जातंय.

आणि लोकांना विश्वास वाटत नाही, त्यालाही इतिहास आहे. टोकियोनं बेसबॉलची मैदानं याआधीही गमावलीत. कोमाझावाचं मैदान १९६४ च्या ऑलिंपिकसाठी गेलं, तिथली टीम बेघर झाली. कामगार वस्तीतलं टोकियो स्टेडियम १९६२ मध्ये झोकात सुरू झालं आणि १९७२ मध्ये बंद पडलं. तिथली टीम आज चिबामध्ये आहे. कोराकुएन जाऊन डोम आला. डोममध्ये जायंट्सबरोबर राहणारी निप्पॉन हॅम फायटर्स २००४ मध्ये थेट साप्पोरोला गेली.

सगळ्यात बोलका नमुना तर जिंगूच्या शेजारीच होता. जिंगू दुसरं स्टेडियम. एरवी गोल्फचा सराव आणि मधूनमधून शाळकरी बेसबॉल. गोल्फच्या जाळ्यांमध्ये, दाटीवाटीत पोरं कोशिएनची स्वप्नं बघायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं शेवटची शाळकरी मॅच झाली आणि आता ते राहिलेलं नाही. त्या जागी रग्बीचं स्टेडियम येणार. म्हणजे अदलाबदलीच्या या हिशोबात सगळ्यात आधी जे गेलं ते शाळेच्या पोरांचं मैदान होतं, आणि त्याबदल्यात पोरांसाठी काही आलं नाही.

२०२१ मध्ये ऑलिंपिकसाठी जिंगू घेतलं गेलं तेव्हा पूर्व आणि पश्चिम टोकियोच्या फायनल डोममध्ये खेळवल्या होत्या. थोडक्यात, मोठं काम निघालं की बाजूला व्हायची पाळी आधी कुणावर येते ते पुन्हा दिसलं.

वरचा मजला फुल्ल, तळमजला रिकामा

एवढं सगळं चाललंय ते बेसबॉल मेलंय म्हणून का? उलट आहे. २०२४ मध्ये जपानच्या प्रोफेशनल लीगला २ कोटी ६६ लाखांहून जास्त प्रेक्षक आले, तोवरचा विक्रम. मार्च २०२५ मध्ये शोहेई ओहतानीची डॉजर्स टीम टोकियो डोमला खेळायला आली तेव्हा शहर वेडं झालं होतं. मित्सुई फुदोसाननं टोकियो डोम चालवणारी कंपनी २०२१ मध्येच विकत घेतलीय. जुना त्सुकिजी मासळी बाजार हलवल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथं सुमारे ५० हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधायचं कामही २०२४ मध्ये मित्सुईच्याच गटाला मिळालं, योमिउरीही त्यात आहे. म्हणजे टोकियोतली जिंगू, डोम आणि त्सुकिजी ही तिन्ही ठिकाणं एकाच बिल्डरच्या हाताखालून जातायत. तोट्याच्या धंद्यात कुणी एवढं घालत नाही.

पण खाली बघा. हायस्कूल बेसबॉल खेळणारी मुलं २०१४ मध्ये देशभरात सुमारे १ लाख ७० हजार होती. २०२४ मध्ये १ लाख २७ हजार. दहा वर्षांत चौथा हिस्सा गायब. जन्मदर घटलाय हे एक कारण. फुटबॉल-बास्केटबॉलकडे पोरं वळलीत हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे शाळेच्या बेसबॉलची लष्करी शिस्त, मोठ्यांची दादागिरी, मारहाणीची प्रकरणं. पालकांना ते नको झालंय.

शाळा बदलतायत, हेही सांगायला हवं. २०१८ च्या सर्व्हेत ७६.८ टक्के शाळांमध्ये खेळाडूंना टक्कल करायची सक्ती होती. २०२३ मध्ये हा आकडा २६.४ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी केस वाढवलेल्या पोरांच्या केइओ हायस्कूलनं १०७ वर्षांनी कोशिएन जिंकलं, आणि ‘खेळ मजेसाठी खेळा’ म्हणणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं. मुलींना ऑगस्टच्या त्या मोठ्या स्पर्धेत आजही खेळता येत नाही, पण त्यांच्या वेगळ्या स्पर्धेची फायनल २०२१ पासून कोशिएनवर होते.

वरच्या टोकाला आणखी एक गळती. २०२२ मध्ये जिंगूवर सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये ५६ वा होम रन मारणारा स्वॅलोजचा मुनेताका मुराकामी (कादंबरीवाल्या मुराकामींशी नातं नाही) शिकागो व्हाइट सॉक्सला गेला. जायंट्सचा काझुमा ओकामोतो टोरांटोला. मैदानं नवी होतायत आणि स्टार विमानात बसतायत.

राहिला प्रश्न जागेचा. टोकियोतल्या गल्लीतल्या बागांमध्ये ‘इथे बॉल खेळायला मनाई आहे’ असे फलक सर्रास दिसतात. २०२३ मध्ये ओहतानीनं जपानच्या सुमारे २० हजार प्राथमिक शाळांना मिळून ६० हजार ग्लव्ह भेट दिले. प्रत्येक शाळेला तीन. फार छान गोष्ट. फक्त टोकियोतल्या पोरानं तो ग्लव्ह घालून कॅच कॅच खेळायचं कुठे, हे ओहतानीच्या हातात नाही.

म्हणून नवं स्टेडियम किती चकाचक असेल यापेक्षा मला एकच गोष्ट विचाराविशी वाटते. हॉटेल जोडलेल्या, टॉवरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या मैदानात जुलैच्या सकाळी नऊ वाजता शाळेची मॅच लावणं परवडेल का? कॉलेज लीगचं काम संपेपर्यंत प्रोफेशनल टीम तेव्हाही बाहेर थांबेल का? देवस्थान आणि बिल्डर म्हणतात की हौशी बेसबॉलची जागा तशीच राहील. जुन्या मैदानात ही गोष्ट कुणाच्या शब्दावर नव्हती, तिथं कॉलेजवाल्यांनी आपल्या खिशातले पैसे घातले होते.

जुनं स्टेडियम नवं तयार होईपर्यंत, म्हणजे अजून काही वर्षं उभं असेल. चेरी ब्लॉसमच्या सीझनला टोकियोला जाणाऱ्यांनी गिंझा लाइनवर गाइएनमाए स्टेशनला उतरायचं, पाच-सात मिनिटं चालायचं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा वीकेंड असेल तर दिवसा कॉलेजची मॅच मिळेल. टोकियो विद्यापीठ खेळत असेल तर तिकीट सहज मिळतं. ते बहुतेक हरतील. संध्याकाळच्या मॅचला छत्री घेऊन जा.